प्रथम वर्षाचा विद्यार्थी : स्मृतिदौर्बल्य की असात्म्य?

प्रस्तावना

प्रवेशाच्या फेऱ्या संपून महाविद्यालये सुरू झाली आणि पहिल्या अंतर्गत परीक्षेचे गुण हाती आले, की विद्यापीठ असलेल्या शहरांतील चिकित्सालयांत एका विशिष्ट वयाचा रुग्ण दिसू लागतो. वय अठरा-एकोणीस, मुक्काम वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत, जेवण मेसचे. तक्रार बहुधा एकच असते. ‘वाचलेले लक्षात राहत नाही, काहीतरी बुद्धिवर्धक द्या.’ यांतील निम्मे विद्यार्थी वैद्यापर्यंत येतही नाहीत. ते थेट औषधी दुकानात जाऊन ब्राह्मीची किंवा शंखपुष्पीची बाटली मागतात आणि दुकानदारही ती देतो.

या विद्यार्थ्यांची मागणी आपण जशीच्या तशी स्वीकारतो आणि तेथेच निदानाची पहिली पायरी चुकते. ज्याने काही महिन्यांपूर्वी बारावीची व प्रवेशपरीक्षेची कसोटी उत्तम रीतीने पार केली, त्याची मेधा एका सत्रात कशी क्षीण होईल? मेधा तीच आहे. तिच्याभोवतीचे देश, काल, आहार, निद्रा, भाषा आणि अध्ययनाची रीत ही सर्व एकदम बदलली आहेत. म्हणून अशा रुग्णांपैकी बहुतेकांत स्मृतिदौर्बल्यापेक्षा असात्म्याचा विचार प्रथम व्हावा, असे आमचे प्रतिपादन आहे. त्याची संप्राप्ती, परीक्षण आणि चिकित्साक्रम यांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाचे महत्त्व केवळ गुणपत्रिकेपुरते नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यनिहाय संख्येत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. यांत सर्व वयांचे विद्यार्थी आहेत आणि प्रत्येक घटनेमागे अभ्यासच होता असेही नाही. तरीही ‘माझी बुद्धी गेली’ असे म्हणणारा मुलगा समोर बसलेला असताना हा आकडा वैद्याच्या मनात जागा असला पाहिजे.

ऋतुसंधीचे उदाहरण

एक ऋतू संपून दुसरा सुरू होताना पहिल्याचे अखेरचे सात दिवस आणि दुसऱ्याचे आरंभीचे सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो, हे आपण सर्व जाणतो. या काळात आधीची चर्या हळूहळू सोडावी व नवी हळूहळू स्वीकारावी, एकाएकी त्याग वा स्वीकार केल्यास असात्म्यज रोग उद्भवतात, असे वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात हेच तत्त्व पादांशिक क्रमाच्या रूपाने मांडले. सवयीचे झालेले अहितकर एकदम तोडू नये, त्याचा चतुर्थांश कमी करून तेवढ्याच प्रमाणात हितकर वाढवावे आणि मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत पुढे जावे, असा तो क्रम आहे.

केवळ हवामान बदलते तेव्हाही शास्त्राने चौदा दिवसांची सवलत दिली. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचे तर सारेच एका दिवसात बदलते. ट्रंक खोलीत ठेवून वडील परतीच्या एस.टी.त बसले, की त्या रात्रीपासूनच नवी चर्या सुरू होते. शिक्षणव्यवस्थेलाही याची जाणीव झालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांसाठी मार्गदर्शिका प्रसृत केली. आपल्या शाखेत राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार बीएएमएसच्या आरंभी पंधरा कार्यदिवसांचा संक्रमणकालीन अभ्यासक्रम ठेवला आहे. हे स्तुत्यच आहे. परंतु वर्गात केलेले स्वागत हा संक्रमणाचा एक भाग झाला. आहार, निद्रा व अध्ययन यांचे संक्रमण वसतिगृहाच्या खोलीत घडते आणि तेथे मार्गदर्शन करणारे सहसा कोणी नसते.

पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रातही या विषयाचा विचार झाला आहे. बेकर व सिरिक या संशोधकांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्याचे महाविद्यालयाशी होणारे समायोजन मोजण्यासाठी प्रश्नावली सिद्ध केली. तीत समायोजनाचे चार भाग कल्पिले आहेत : अभ्यासविषयक, सामाजिक, वैयक्तिक-भावनिक आणि संस्थेविषयीची आपुलकी. अभ्यास हा चारांपैकी एक आहे, हे आपण ध्यानात घ्यावे. विद्यार्थी तक्रार अभ्यासाची करतो, पण मूळ उरलेल्या तिन्हींपैकी कोठेही असू शकते.

हेतू आणि संप्राप्ती

१) आहार. ज्वारी-बाजरीची भाकरी, घरचे ताक व ठरलेल्या वेळेचे जेवण यांची सवय असलेला कोठा मेसच्या जेवणावर येतो. सकाळी न्याहारी टळते, दुपारी तास संपतील तेव्हा जेवण, रात्री साडेनऊला पुन्हा भरपेट आणि मध्यरात्री नूडल्स व चहा. म्हणजे विषमाशन व अध्यशन दोन्ही झाले. त्यातच भर अशी, की चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखकर शय्या आणि जागरण यांमुळे मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट केले आहे. यांतील क्रोध वगळता बाकी सर्व कारणे वसतिगृहातील पहिल्या सत्रात हमखास एकत्र येतात. परिणामी अग्नी विषम होतो, आम संचित होतो, मलावष्टंभ, आध्मान व दुपारचे शिरोगौरव सुरू होते. अशा स्थितीत पुस्तकासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला तंद्रा आली, तर तो बुद्धीचा दोष कसा मानावा?

२) निद्रा. सुख-दुःख, पुष्टी-कार्श्य, बल-अबल यांबरोबरच ज्ञान आणि अज्ञान हेही निद्रेवर अवलंबून असल्याचे सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे. आधुनिक शास्त्रही आता असेच मानते, की दिवसा ग्रहण केलेले ज्ञान झोपेत दृढ होते. वसतिगृहात मात्र जागरण हे परिश्रमाचे प्रमाणपत्र समजले जाते. रात्रीचे जागरण रूक्षता वाढवते व वात प्रकुपित करते. सकाळचे तास बुडवून घेतलेली दिवसाची झोप स्निग्ध असल्याने कफ वाढवते. रात्री वात आणि दिवसा कफ अशी ही दुहेरी ओढाताण चालते.

३) भाषा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावी-बारावीत इंग्रजी परिभाषेशी कसाबसा जुळवून घेतो आणि प्रथम वर्षात जाड इंग्रजी ग्रंथांसमोर उभा राहतो. आपल्या शाखेत तर त्यास दोन भाषा एकाच वेळी पेलाव्या लागतात. रचनाशारीराचे आधुनिक वर्णन इंग्रजीत, तर संहिता अध्ययनात अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानाचे पंधरा व चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचे बारा अध्याय संस्कृतात. त्याजोडीला पदार्थविज्ञानाची न्याय-वैशेषिकांची परिभाषा असते. एक पान वाचण्यास जेथे दहा मिनिटे लागत, तेथे चाळीस लागतात. विद्यार्थी यास मंदबुद्धी समजतो. वस्तुतः तो भाषांतराचे वेगळे श्रम करीत असतो आणि त्याची नोंद कोणी घेत नाही.

४) अध्ययनपद्धती. हे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रवेशपरीक्षेत चार पर्यायांतून योग्य उत्तर ओळखावयाचे असते. दोन वर्षे शिकवणीवर्गात हाच सराव होतो. विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र कोऱ्या कागदावर दीर्घोत्तर लिहावे लागते आणि मौखिक परीक्षेत परीक्षकासमोर बोलावे लागते. ओळखणे आणि आठवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पुस्तक चार वेळा वाचले, की पान ओळखीचे वाटते आणि विषय आला असा भ्रम होतो. पुस्तक मिटल्यावर काहीच उरत नाही. आधी फळणारी रीत नव्या परीक्षेत निष्फळ ठरते, आणि विद्यार्थी रीत बदलण्याऐवजी तीच अधिक तास चालवितो. त्यातून जागरण वाढते व चक्र पूर्ण होते.

५) सत्त्व. शास्त्राचा अभ्यास आरंभण्यापूर्वी कार्याचे गौरव-लाघव, त्याचे फल, देश व काल यांचा विचार करून शास्त्राची निवड करावी, असे विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. आज शाखेची निवड पुष्कळदा गुणानुक्रम व प्रवेशाची फेरी यांवरून होते. एमबीबीएस थोडक्यात हुकले म्हणून बीएएमएसला आलेले विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत थोडे नाहीत. अभियांत्रिकीतही हव्या त्या शाखेऐवजी मिळाली ती शाखा घेतलेले असतात. ज्या विषयाशी मनाचा अनुबंधच नाही, तो स्मृतीत कसा स्थिर व्हावा?

स्मृतीची आठ कारणे

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. या यादीचा उपयोग आपण सहसा व्याख्यानापुरता करतो. आमच्या अनुभवानुसार ती रुग्णपरीक्षणाची उत्तम सूची आहे. प्रवेशपरीक्षेचा अभ्यास मुख्यतः रूपग्रहण व सादृश्य यांवर चालतो. विद्यापीठीय अध्ययनास सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत यांची गरज अधिक आहे. यांपैकी काय उणे आहे हे शोधले, म्हणजे उपाय आपोआप सुचतो.

एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखविले, की शिकलेल्यातील बराचसा भाग आरंभीच्या काही तासांतच विस्मृत होतो व नंतर विस्मरणाचा वेग मंदावतो. रोडिगर व कार्पिकी यांनी २००६ मध्ये सिद्ध केले, की पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न केल्यास आठवड्यानंतर अधिक लक्षात राहते. अभ्यास आणि पुनःश्रुत या दोन शब्दांमागील व्यवहार याहून वेगळा नाही.

रुग्णपरीक्षण

अशा रुग्णासाठी पहिल्या भेटीत किमान अर्धा तास राखून ठेवावा. पालक सोबत असल्यास त्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे व नंतर विद्यार्थ्याशी एकट्याशी बोलावे. अठरा वर्षे पूर्ण झालेला रुग्ण सज्ञान आहे. त्याने विश्वासाने सांगितलेले त्याच्या अनुमतीशिवाय घरी कळवू नये. जिवाला धोका असेल, तेवढाच अपवाद.

नाडी, मल, मूत्र, जिह्वा इत्यादी नित्य परीक्षणानंतर पुढील गोष्टी विचाराव्यात. गेल्या तीन दिवसांत काय व किती वाजता खाल्ले? झोपण्याची व उठण्याची खरी वेळ कोणती? दिवसात किती वेळ वाचतो आणि किती वेळ पुस्तक मिटून लिहितो? वर्गातील भाषा समजते का? खोलीतील सोबती कसे आहेत? वरिष्ठ विद्यार्थ्यांचा काही त्रास आहे का? रॅगिंग होत असल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम व १८००-१८०-५५२२ ही निःशुल्क मदतवाहिनी यांची माहिती द्यावी. ब्राह्मी हे रॅगिंगवरील औषध नव्हे.

शारीरिक कारणे वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींत रक्ताल्पता आढळली. अवधान टिकत नाही म्हणणाऱ्या मुलीची हिमोग्लोबिन तपासणी न करता तिला मेध्य देणे म्हणजे पांडुरोगाकडे डोळेझाक करणे होय. त्याखेरीज अवटू ग्रंथीचे विकार, जीवनसत्त्व बी-१२ ची न्यूनता आणि दृष्टिदोष यांचा विचार करावा. मागच्या बाकावरून फळा न दिसणारा विद्यार्थी वर्षभर स्वतःला मठ्ठ समजत राहिल्याचे आम्ही पाहिले आहे. चष्मा लागल्यावर त्याची ‘स्मृती’ सुधारली.

एक रुग्णवृत्त

मराठवाड्यातील एका खेड्यातून आलेला, बीएएमएस प्रथम वर्षाचा विद्यार्थी. रचनाशारीराच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण. मलावष्टंभ, आध्मान, दुपारी डोके जड, रात्री दोनपूर्वी झोप नाही. हिमोग्लोबिन व इतर तपासण्या प्राकृत. त्याची मागणी सारस्वतारिष्टाची होती.

‘रोज किती वेळ वाचतोस?’ असे विचारता त्याने ‘पाच तास, सर’ असे सांगितले. ‘आणि पुस्तक मिटून किती वेळ लिहितोस?’ यावर तो गप्प राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘लिहायला बसलो तर काही येत नाही, म्हणून परत वाचतो.’ निदान या एका वाक्यात होते.

चिकित्सा पादांशिक क्रमाने योजली. झोपेची वेळ दोनवरून अकरावर आणावयाची, म्हणजे तीन तासांचे अंतर. त्याचे चार भाग केले. दर चार दिवसांनी पाऊण तास अलीकडे : सव्वा, साडेबारा, पावणेबारा, अकरा. उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून सहाच ठेवली. झोपण्यापूर्वी तिळतेलाचा पादाभ्यंग सांगितला व मोबाइल अंथरुणापासून दूर ठेवण्यास सांगितले. मेस बदलणे त्याला शक्य नव्हते. म्हणून तेथलेच जेवण, पण रात्री साडेआठपूर्वी व थोडी भूक राखून, मध्यरात्रीच्या नूडल्सऐवजी सकाळी न्याहारीला घरून आणलेले दशमी-शेंगदाणे असा पालट केला. हिंग्वष्टक चूर्ण तुपासह पहिल्या घासात आणि त्रिफळा चूर्ण ३ ग्रॅम रात्री कोमट जलासह, एवढेच औषध पहिल्या पंधरवड्यात दिले.

अध्ययनातही तोच क्रम ठेवला. पाच तासांतील चौथा हिस्सा, म्हणजे सव्वा तास, मिटल्या पुस्तकाने लिहिण्यासाठी. दोन आठवड्यांनी आणखी सव्वा तास. एकूण तास वाढविले नाहीत. भाषेसाठी तीन रकान्यांची वही केली : इंग्रजी, संस्कृत आणि घरची मराठी. फिमर, ऊर्वस्थि, मांडीचे हाड. स्प्लीन, प्लीहा, पाणथरी. दिवसाला दहा शब्द. अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा हे ज्ञानाचे तीन उपाय विमानस्थानात सांगितले आहेत. त्यांतील शेवटच्या दोहोंसाठी खोलीतल्या मित्राला रोज अर्धा तास तोच पाठ मराठीत समजावून सांगण्यास सुचविले. वडिलांना दूरध्वनीवर एवढीच विनंती केली, की रोज रात्री ‘अभ्यास झाला का?’ असे विचारण्याऐवजी ‘जेवलास का, काय जेवलास?’ असे विचारावे.

तिसऱ्या आठवड्यात कोष्ठशुद्धी नियमित झाली, दुपारचे जडत्व गेले. सहाव्या आठवड्यात, अग्नी सम झाल्यावर, यष्टीमधु चूर्ण २ ग्रॅम दुधासह सहा आठवड्यांपुरते सुरू केले. पुढील अंतर्गत परीक्षेत तो रचनाशारीरात उत्तीर्ण झाला. पदार्थविज्ञानात मात्र अद्याप काठावर होता. ‘पण सर, आता कळतंय की कुठं अडतंय,’ हे त्याचे म्हणणे आम्हांस गुणांपेक्षा मोलाचे वाटले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. क्रम कसा योजावा हे दाखविण्यापुरतेच हे उदाहरण आहे.

मेध्य रसायनांचे स्थान

याचा अर्थ मेध्य औषधे निरुपयोगी आहेत असा नव्हे. मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टीमधु चूर्ण, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क ही चार मेध्य रसायने चिकित्सास्थानाच्या रसायन अध्यायात तिसऱ्या पादात वर्णिली आहेत. परंतु ती रसायने आहेत. मलिन वस्त्रावर रंग चढत नाही, त्याप्रमाणे साम कोष्ठात रसायन कार्य करीत नाही. ब्राह्मीवरील आधुनिक चाचण्यांत परिणाम साधारणतः बारा आठवड्यांच्या सेवनानंतर मोजला गेला आहे. परीक्षेपूर्वी आठ दिवस दिलेल्या बाटलीकडून काय अपेक्षा ठेवावी, हे यावरून उघड आहे. ब्राह्मीने काहींना मळमळ व द्रवमल होतो. यष्टीमधूच्या दीर्घ वा अतिमात्र सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. तेव्हा मात्रा व मुदत ठरवूनच द्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

पहिली बाब द्रव्यनिश्चितीची. ‘ब्राह्मी’ या एका नावाखाली बाजारात बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, अशी दोन द्रव्ये येतात. शंखपुष्पीच्या नावाने तर तीन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. खरेदी करताना वनस्पतिशास्त्रीय नाव पाहूनच माल घ्यावा.

दुसरी बाब औषधांच्या परस्परक्रियेची. शंखपुष्पीयुक्त कल्पामुळे फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाची रक्तातील पातळी घटत असल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणून बाटली देण्यापूर्वी ‘दुसरे कोणते औषध चालू आहे का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. फिट्सचे किंवा मानसोपचाराचे औषध चालू असल्यास वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि चालू औषध बंद करण्याचा सल्ला तर कधीच देऊ नये. सारस्वतारिष्टासारख्या कल्पांत स्वयंजनित मद्यार्क असतो, हेही ग्राहकास सांगावे. ज्या कल्पांत अनुसूची ई-१ मधील विषद्रव्ये आहेत, ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. ते मागितले म्हणून काउंटरवर देण्याची वस्तू नव्हेत.

तिसरी बाब साधी आहे. बाटली मागणाऱ्या विद्यार्थ्यास तीन प्रश्न विचारावेत : झोप किती होते, जेवण वेळेवर होते का, मन उदास असते का? पहिल्या दोहोंचे उत्तर नकारात्मक असल्यास त्यास वैद्याकडे पाठवावे. तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले, तर त्याच दिवशी पाठवावे. एका बाटलीची विक्री कमी होईल, पण त्या घराचा विश्वास कायमचा जोडला जाईल.

धोक्याच्या खुणा

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली उदासीनता, कशातच रस न वाटणे, वजनात लक्षणीय घट, वर्गास जाणे पूर्ण बंद होणे, मद्य वा अन्य व्यसनाचा आरंभ, स्वतःच्या प्रिय वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसलो तर बरे’ अशी भाषा, किंवा इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणे, यांपैकी काहीही आढळल्यास हे असात्म्याच्या मर्यादेबाहेरचे आहे, असे समजावे. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे थेट विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे. उलट मोकळेपणाने विचारल्यावर रुग्णास हायसे वाटते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्यास एकटे सोडू नये, घरच्यांना बोलवावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे त्वरित न्यावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व निःशुल्क समुपदेशन मिळते. हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात ठळक अक्षरांत लावावा.

ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही मानस दोषांची औषधे आणि सत्त्वावजय हा चिकित्सेचा प्रकार आपल्या शास्त्राने स्वतंत्रपणे सांगितला आहे. तो आपण वापरावाच. परंतु तज्ज्ञाकडे वेळेवर पाठविणे हाही युक्तीचाच भाग आहे. त्यात शास्त्राचे उणेपण नाही.

उपसंहार

सारांश असा, की प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या विस्मरणाच्या तक्रारीत आधी शारीरिक व्याधी व धोक्याच्या खुणा वगळाव्यात, नंतर अग्नी व निद्रा सुधाराव्यात, त्याच वेळी भाषा व अध्ययनपद्धती पादांशिक क्रमाने बदलाव्यात आणि सर्वांत शेवटी, आवश्यकता असल्यास, मेध्य रसायन द्यावे. हा क्रम उलटा झाला, की औषध निष्फळ ठरते. त्याहून मोठी हानी अशी, की औषध घेऊनही गुण आला नाही म्हणून विद्यार्थी स्वतःस कायमचा मंदबुद्धी ठरवून मोकळा होतो.

वसतिगृहे असलेल्या प्रत्येक गावातील वैद्यबंधू-भगिनींनी सत्राच्या आरंभी जवळच्या महाविद्यालयाशी संपर्क साधून आहार, निद्रा व अध्ययन या विषयांवर एक तासाचे व्याख्यान द्यावे आणि मेसचालकांशीही दोन शब्द बोलावेत, अशी आमची विनंती आहे. आयुर्वेद महाविद्यालयांच्या बाबतीत तर हे आपले कर्तव्यच ठरते. आज पहिल्या बाकावर गोंधळून बसलेला विद्यार्थी उद्या आपल्याच शेजारी चिकित्सालय थाटणार आहे. पादांशिक क्रम त्याला पुस्तकातून शिकवण्याआधी त्याच्या स्वतःच्या पहिल्या वर्षात अनुभवू द्यावा.